डावा पाय

गेथिन पडला तेव्हा त्याच्या हातात खुरं छाटायची कात्री होती. त्याच्या बायकोनं, मेनीरनं, मेंढी उताणी करून गुडघ्यांत धरली होती आणि तो हसत हसत वाकून तिच्या मागच्या पायाचं खूर साफ करत होता. बाहेर ऑक्टोबरचा पाऊस आडवा येत होता. मधेच त्याचं हसणं थांबलं, जबडा आवळला, आणि तो बाजूच्या पत्र्यावर आपटून खाली आला. मेनीरनं आधी कात्री लाथेनं दूर ढकलली, मग मेंढी सोडली, मग त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मेंढी मात्र तिथंच उभी राहून दोघांकडे बघत होती.

"औषध रोज घ्यायचं," हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि एक अख्खं वर्ष फिटचा झटका न येता जात नाही तोवर रस्त्यावर गाडी चालवायची नाही. कायदाच आहे तसा."

"ट्रॅक्टर?" गेथिननं विचारलं.

"रस्त्यावर काहीच नाही."

घरी आल्यावर त्यानं पिकअपची किल्ली दारामागच्या खिळ्याला अडकवली आणि त्यावर आपली टोपी टांगली, किल्ली दिसू नये म्हणून.

ब्लाएन-नांतचं शेत खोऱ्याच्या अगदी टोकाला. डांबरी रस्ता पहिल्या फाटकाशी संपतो, पुढे घरापर्यंत दगडमातीची चढण आणि आणखी दोन फाटकं. शाळेची बस येते ती खाली मोठ्या रस्त्याला. हिवाळ्यात सात वर्षांच्या पोरीनं अंधारात तेवढं चालत जायचं म्हणजे वेडेपणाच. मेनीरला गाडी येत नव्हती. शिकायची तर शेजारी पक्क्या लायसनचा माणूस बसायला हवा, आणि खोऱ्यात तसा माणूस एकच होता, त्याचं लायसन नुकतंच परत गेलं होतं.

म्हणून त्यांची मुलगी ग्वेनो आजीकडे गेली. आयर्लिस, गेथिनची आई, तालुक्याच्या गावी राहायची, शाळेला लागूनच. तिचा शेजारी शनिवारी पोरीला गाडीनं वर आणून सोडी आणि रविवारी चहानंतर घेऊन जाई. पहिल्या रविवारी ग्वेनो रडली. दुसऱ्या रविवारी मेनीर रडली, शेणाचं फावडं हातात घेऊन, गोठ्यात. नाताळाच्या सुमाराला ग्वेनो म्हणाली, "आई, घरी माझ्या खोलीला पिवळे पडदे लावलेत," आणि मेनीरला कळायला क्षणभर वेळ लागला की घरी म्हणजे आजीकडे.

"मोटरसायकल," त्या संध्याकाळी मेनीर म्हणाली.

"कसली मोटरसायकल?"

"तुझ्या भावाची पडलीये ना गोठ्यात, ती सव्वाशे सीसीची. मोटरसायकल शिकायला शेजारी कुणी बसायला लागत नाही. लाल एलच्या पाट्या लावायच्या आणि एकटीनं जायचं."

"आणि पोरीला?"

"पाट्या असेतोवर मागे कुणाला बसवता येत नाही. म्हणून तर पक्कं लायसन काढायचं."

गेथिननं सुपाचा वाडगा बाजूला सारला. "तुला येतेच की. लग्न होऊन आलीस तेव्हापासून मॉटला मागे घेऊन हिंडतेस डोंगरभर."

ते खरंच होतं. शेतावरच्या जुन्या, बिननंबरच्या गाडीवरून मेनीर मेंढ्या वळायची. मॉट, काळापांढरा कुत्रा, मागच्या पोत्यावर बसलेला. फाटक आलं, मेंढ्या बुजल्या, वळण आलं, की मेनीर वेग कमी करून डावा पाय टेकायची. पाय टेकला की मॉट उडी मारायचा. शिट्टी नाही, हाक नाही. या कामात त्या पायाला इतका सराव झाला होता की तो आपला आपणच खाली जायचा.

पण हे दोघांच्याही तेव्हा लक्षात आलं नाही.

*

आधी एका दिवसाचं सक्तीचं शिक्षण. इद्वल नावाचा, पांढऱ्या मिशांचा, चामड्याच्या पँटमध्ये न मावणारा शिक्षक. त्यानं सुरुवातीलाच तिला एका गाडीची नंबरप्लेट लांबून वाचायला लावली. ती वाचता आली नाही तर पुढचं सगळं फुकट, असा नियम.

"वाचलीस. बरं. नंबर वाचताना लोक प्लेटकडे बघतात, तू पलीकडच्या कुरणात काय बघत होतीस?"

"तिथली एक मेंढी लंगडतेय."

इद्वल एवढा हसला की त्याला हेल्मेट काढावं लागलं.

जानेवारीत लेखी परीक्षा झाली, कॉम्प्युटरवर. प्रश्न सोपे गेले. मग पडद्यावर रस्ते धावायला लागले. धोका दिसला की बटण दाबायचं. मेनीरला कुंपणापलीकडे मेंढी दिसली तरी बोट दाबलं जायचं. जेमतेम पास झाली.

फेब्रुवारीच्या एका शनिवारी गेथिननं ग्वेनोला उचलून सव्वाशेच्या मागच्या सीटवर बसवलं. दोन्ही पाय मागच्या फुटरेस्टवर नीट टेकायला हवेत, नाहीतर पोराला बसवता येत नाही, असं इद्वलनं बजावून सांगितलं होतं. ग्वेनोनं पाय ताणले. बुटांची टोकं हवेतच राहिली.

"पोचले!" ती म्हणाली.

"कुठं पोचले?"

"मी जरा घसरले तर पोचतात."

"घसरलीस तर रस्त्यावर पोचशील, बाळा."

त्यानंतर दर शनिवारी पोरगी आली की आधी फाटकाच्या वरच्या दांडीला लोंबकळायची.

"तसं करून हात लांब होतात," गेथिन म्हणायचा. "पाय नव्हे. तू माकड होशील."

"माकडाला मोटरसायकल चालते का?"

"लायसन असलं तर."

*

मार्चच्या मध्याला मेंढ्या व्यायला लागल्या. मेनीर पहाटे उठून गोठ्यात जायची. थंडीनं भेगाळलेल्या हातांना साबण झोंबायचा. एक कोकरू डोकं मागे वळवून अडकलेलं, एक जन्मलं ते गार, एका मेंढीला जुळं हवं नव्हतं म्हणून ती दुसऱ्याला शिंगावर घेत होती. गेथिन बरोबरीनं काम करायचा, पण मेनीरचा एक डोळा कायम त्याच्यावर असायचा. तो वाकला की ती थबकायची. तो गप्प झाला की हाक मारायची.

"आहे मी," तो वैतागून म्हणायचा. "जिवंत आहे. तुझ्या मेंढीकडे बघ."

दुपारी वेळ मिळाला की अंगणात सराव. गेथिननं मेंढ्यांच्या चाटणाच्या रिकाम्या बादल्या ओळीनं मांडल्या होत्या. त्यांच्यामधून नागमोडी जायचं, मग दोन बादल्यांभोवती आठचा आकडा काढायचा, मग माणसाच्या चालीनं सरळ जायचं. मॉटला घरात कोंडून ठेवावं लागायचं, नाहीतर तो मागच्या सीटवर उडी मारायचा. आतून त्याचं केकाटणं चालू असायचं.

पहिल्या भागाची चाचणी मार्च संपताना आली. डांबरी मैदान, पिवळे-निळे शंकू, दुरून येणारा वारा. परीक्षक उंच, सडपातळ बाई होत्या, थंडीनं नाक लाल झालेल्या. त्यांनी सगळं एकदाच नीट समजावलं. गाडी ढकलत मागे न्यायची, नागमोडी, आठचा आकडा, हळू चाल, मग दोन रेघांच्या मधे यू-टर्न, मग वेग घेऊन अचानक थांबणं, शेवटी वेगात असताना अडथळा चुकवणं.

मेनीर गाडीवर बसली आणि बरं वाटलं. बादल्यांपेक्षा शंकू हलके वाटले. यू-टर्न घेताना मान वळवून मागे बघितलं, रेघेच्या आत वळली. अचानक ब्रेक दाबला तर मागचं चाक जरासं सरकलं आणि सावरलं. अडथळा चुकवून ती निळ्या चौकटीत थांबली तेव्हा तिला हसू आवरेना. गाडी शेडमध्ये लावतानाच तिनं मनात फाटकं मोजून टाकली. पहिलं, दुसरं, तिसरं, आणि ग्वेनो मागे.

"मिसेस प्रोसर," परीक्षक बाई म्हणाल्या, "माफ करा. नापास."

"कशात?"

"यू-टर्नमध्ये तुम्ही डावा पाय टेकलात."

"मी?" मेनीर म्हणाली. "कधी?"

बाईंनी तिच्याकडे जरा वेळ बघितलं. ही खोटं बोलत नाही हे त्यांना दिसलं असावं. "वळण अर्धं झालं तेव्हा. चांगला भक्कम टेकलात. आणि डावीकडे खाली काहीतरी बघितलंत."

बाहेर इद्वल डब्यातला पाव खात उभा होता. तिचा चेहरा बघून त्यानं पाव परत डब्यात ठेवला.

"डावा पाय कुणाला उतरवतो, पोरी?"

मेनीरला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि तिनं हेल्मेटची काच खाली ओढली.

"मॉटला," ती आतून म्हणाली.

*

परत जाताना आयर्लिसचं घर वाटेतच होतं. न थांबता जायचं असं ठरवूनही ती थांबली. ग्वेनो शाळेत होती. आयर्लिसनं चहा ओतला, मनुकांच्या पावाला लोणी लावलं, आणि काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"पाय टेकला," मेनीरनं आपणच सांगितलं.

"टेकणारच. बाईमाणसानं जड गाडी पेलायची म्हणजे."

"जडपणाचं नाही हो ते."

"बरं, नाही तर नाही." आयर्लिसनं टेबलावरचे कण तळहातात गोळा केले. "हे बघ, मी काही तुझ्या वाईटावर नाही. पण पोर इथं रमलीये. तिला मैत्रिणी आहेत, संध्याकाळी गायला जाते. ईस्टरनंतरचं सत्र मोठं असतं. शाळेत तिचा पत्ता इथलाच देऊन टाकू म्हणते, सारखं तात्पुरतं तात्पुरतं किती दिवस लिहायचं? गेथिनचं वर्ष सरल्यावर बघू."

"गेथिनचं वर्ष सरेल का, कुणाला ठाऊक."

"तेच म्हणते मी."

कोपऱ्यात ग्वेनोची पावसाळी चप्पल ठेवली होती, शेजारी आयर्लिसची, तशीच, मोठी.

"ईस्टरपर्यंत थांबा," मेनीर म्हणाली. "तोवर मी पुन्हा परीक्षा देते."

"तोवर मेंढ्या व्यायच्यात ना तुमच्या?"

"व्यायच्यात."

आयर्लिसनं मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ मेनीर घरापर्यंत लावत राहिली. तिसऱ्या फाटकाशी थांबताना तिनं मुद्दाम खाली बघितलं. डावा पाय टेकलेला होता. कधी टेकला, तिला याही वेळी कळलं नव्हतं.

*

गेथिननं ऐकून घेतलं, मग तो उठला आणि गवताच्या गठ्ठ्यांचा निळा दोरा घेऊन आला. त्या दोऱ्यानं ब्लाएन-नांतची अर्धी फाटकं बांधलेली होती, आणि त्याची एक पँटही.

"काय करतोस?"

"पाय बांधतो."

"वेडा आहेस? पडले तर?"

"एकच पदर घेतो. जोर लावलास तर तुटेल. पण तुटायच्या आधी ओढ बसेल. पाय निघाला हे तुला कळायला तरी हवं ना."

त्यानं गुडघ्यावर बसून तिच्या घोट्याभोवती दोरा घेतला आणि फुटरेस्टला सैलसर अडकवला. त्याचे हात थरथरत होते, गोळ्यांमुळे. गाठ मात्र पक्की होती.

पहिल्याच वळणाला पाय निघाला, दोरा ताणला, मेनीर दचकली आणि गाडीसकट डाव्या अंगावर शेणकाल्यात पडली. दोरा तुटला नाही. गेथिन धावत आला, आणि तिच्या तोंडाकडे बघून मागे वळला. त्याचे खांदे हलत होते.

"हसतोयस तू!"

"नाही."

"गेथिन प्रोसर, गाडी उचल आणि मग हस!"

त्यानं गाडी उचलली. ती परत बसली. मांडीवर दुसऱ्या दिवशी आलेला काळानिळा डाग एप्रिलभर राहिला. रोज थोडं थोडं. कधी पावसात, कधी पिसाळलेल्या वाऱ्यात, कधी कोकराला बाटली देऊन उठल्या उठल्या, दुधाचा वास अंगावर तसाच. गेथिन दोरा बांधायचा, सोडायचा. मॉट खिडकीत पाय ठेवून बघायचा, आणि वळण आलं की भुंकायचा.

"त्याला वाटतं तू त्याला सोडून चालली आहेस," गेथिन म्हणाला.

एका दुपारी अर्धं वळण झालं आणि दोरा ताणला नाही. दुसऱ्याही वेळी नाही. मेनीरनं थांबून खाली बघितलं तर दोरा सैल लोंबत होता.

*

त्याच चाचणीच्या दुसऱ्या खेपेच्या सकाळी थोरली मेंढी अडली. कोकरू उलटं येत होतं, मागचे पाय आत दुमडलेले. गेथिन कोपरापर्यंत हात घालून बसला होता, कपाळावर घाम.

"तू निघ," तो म्हणाला.

"तू एकटा आहेस."

"मॉट आहे."

"मॉट फोन करणार आहे का? इथं फोन लागत तरी कुठं!"

"मेनीर." त्यानं वर बघितलं नाही. "मला वर्षभर रस्त्यावर जाता येत नाही. तू तरी जा."

सकाळची गोळी घेतली का, हे तिनं विचारलं. त्यानं घेतली होती. तिनं पुन्हा विचारलं. मग गोठ्यातले टोकदार खिळे, कात्री, गवत ओढायचा पंजा, सगळं उचलून उंच फळीवर ठेवलं, त्याच्या आजूबाजूला पेंढा पसरला, आणि मॉटला त्याच्याजवळ बसवून निघाली. मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर गेलीच नसती.

मैदानावर तेच लाल नाक, तेच शंकू. यू-टर्नसाठी रेघेशी उभी राहिली तेव्हा मांडीवरचा डाग ठणकला. क्लच अर्धा सोडला, मान वळवली, जिथं जायचं तिकडे बघितलं. तिच्या मनात डावीकडे गोठा होता, पेंढा होता, पडलेला गेथिन होता. ती उजवीकडेच बघत राहिली. घोट्याशी, नसलेल्या दोऱ्याची ओढ बसली.

पाय हलला नाही.

"पास," बाई म्हणाल्या. मेनीरनं आभार मानले, आणि इतक्या घाईनं निघाली की इद्वल हात पुढे करून तसाच उभा राहिला. घरी पोचली तर गेथिन गोठ्याच्या दारात बसून चहा पीत होता. पायाशी मॉट, मॉटच्या नाकाशी ओलं, पिवळसर, जिवंत कोकरू. तिनं गाडी कशीबशी स्टँडला लावली, आणि हेल्मेट न काढताच भिंतीला टेकून तिघांकडे बघत राहिली.

"नापास?" गेथिननं घाबरून विचारलं.

*

रस्त्यावरची चाचणी ईस्टरच्या सुट्टीतच झाली; कोकरांच्या धांदलीमुळे ग्वेनो अजून आजीकडेच होती. परीक्षक मागून दुसऱ्या गाडीवर, त्यांचा आवाज हेल्मेटमध्ये. डावीकडे वळा, सरळ जा, सोयीच्या ठिकाणी थांबा. गावाबाहेर कुणाचा तरी कळप रस्ता ओलांडत होता. मेनीर थांबली, इंजिन बंद केलं, पाय टेकला. थांबल्यावर टेकायचाच असतो. शेवटची मेंढी रेंगाळली तशी तिच्या ओठांतून शिट्टी निघाली, मेंढी टुणकन पुढे पळाली.

"मिसेस प्रोसर," कानातला आवाज म्हणाला, "मी इथंच आहे हं, मागे."

तरीही पास झाली.

इद्वलनं स्वतः वाकून लाल एलची मागची पाटी काढली. "पुढची तू काढ," म्हणाला. तिची नखं लोकरीच्या तेलकटपणानं मऊ पडली होती, पाटी निघता निघेना.

आयर्लिस दारातच उभी होती. पाट्या नसलेली गाडी तिनं बघितली, मेनीरकडे बघितलं.

"झालं म्हणायचं."

"झालं."

"पाय पोचतात का पोरीचे? नाहीतर मी काही बसू द्यायची नाही."

ग्वेनो आतून धावत आली, डोक्यावर मेनीरनं आणून ठेवलेलं हेल्मेट, पट्टा हनुवटीखाली उलटा बांधलेला. मेनीरनं तो नीट केला. पोरीला मागे बसवलं. आयर्लिस फुटपाथवरून उतरली, गुडघे धरत रस्त्यावर वाकली, आणि नातीचा घोटा धरून तिनं बूट फुटरेस्टवर दाबला. मग पलीकडे जाऊन दुसरा. दोन्ही बूट सपाट बसले.

बूट नवे होते. तळवा चांगला जाड, खाणकामगाराच्या बुटासारखा. शनिवारी वर आली होती तेव्हा पोरीच्या पायात हे नव्हते.

मेनीरनं बुटांकडे बघितलं. मग आयर्लिसकडे.

"चिखल असतो तुमच्याकडे," आयर्लिस म्हणाली आणि हात पुसत उठली. "म्हटलं जाडच घ्यावेत."

"रविवारी जेवायला या," मेनीर म्हणाली. "शेजाऱ्यांना सांगा, सोडतील."

"बघू." ती ग्वेनोच्या हेल्मेटवर टकटक करत राहिली, जरुरीपेक्षा जास्त वेळ. "घट्ट धर गं आईला. बडबड करू नकोस तिच्याशी."

ग्वेनोनं वाटभर बडबड केली. तिची हनुवटी मेनीरच्या पाठीत टोचत होती, दोन बारके हात कोटाच्या खिशांत घुसले होते. मेनीर प्रत्येक वळणावर आधी मान वळवून बघायची, मग वळायची. डांबर संपत आलं. चढणीवर कोकरं कठड्याशी टोळक्यानं उभी होती. वर घर दिसलं, आणि तिची नजर नेहमीसारखी आधी अंगणात गेली. अंगण रिकामं होतं. गोठ्याचं दार उघडं होतं, आणि गेथिन कुठं दिसत नव्हता.

पहिलं फाटक आलं. तिनं वेग कमी केला, आणि डावा पाय आपला आपणच खाली टेकला.

पाय टेकताच मागचं वजन हललं. ग्वेनो उतरली होती. बघितलं तर पोरगी जाड बुटांनी चिखल तुडवत फाटकाकडे धावत होती. निळा दोरा सोडून तिनं फाटक दोन्ही हातांनी ढकललं, आणि ढकलता ढकलता त्यावर लटकून स्वतःच झोके घेत मागे गेली.

वर गोठ्याच्या दारातून मॉट सुटला आणि भुंकत उतारानं येऊ लागला. त्याच्यामागे गेथिन बाहेर आला, दोन्ही काखांत एक-एक कोकरू, आणि हात मोकळा नाही म्हणून त्यानं एक कोकरूच हलवून दाखवलं.

"चल ना आई!" ग्वेनो फाटक धरून ओरडली.

"येते," मेनीर म्हणाली. पण गाडी तिथंच घुरघुरत राहिली. पाय अजून टेकलेलाच होता, आणि तो उचलायची तिला काही घाई नव्हती.